ढगातले भाडे

बँकेकडून आलेला कागद वाचायचा नसतो, भोक पाडून फायलीला लावायचा असतो, अशी आमच्या घरात पूर्वापार समजूत आहे. सासरे होते तेव्हा पासबुक शिक्का मारून आणले जाई आणि कपाटात जाई. आता क्रेडिट कार्डाचे विवरण संगणकावर येते. आमचे हे ते इमानेइतबारे छापून काढतात आणि त्याच फायलीला लावतात. तेव्हा आषाढातल्या एका दुपारी मी ती फाइल उघडून बसले, यात माझ्या व्यवहारदक्षतेचा काडीचा भाग नव्हता. पावसाने अख्ख्या धरमपेठेची वीज घालवली होती, खिडकीशी थोडा उजेड होता, आणि तपासायला उत्तरपत्रिका नसल्या म्हणजे प्राध्यापक काय वाटेल ते वाचतो.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक ओळ सारखी येत होती. कंपनीचे नाव आखडून रोमन अक्षरांत कोंबलेले आणि पुढे रक्कम. कधी ८७०, कधी ९०५, कधी ८९२. ह्यांना विचारले तर म्हणाले, "चिरंजीवांचं सिनेमाचं काहीतरी असेल." चिरंजीव म्हणाले, "बाबांचं शेअरचं असेल." सासूबाई म्हणाल्या, "कुठल्या तरी देवळाची वर्गणी असेल, बंद नको हो करू." म्हणजे प्रत्येकाला ते दुसऱ्याचे वाटत होते आणि पैसे माझे जात होते. मागे मागे जात मी ओळी मोजल्या. सदतीस भरल्या. बेरीज तेहतीस हजारांच्या जवळपास आली. गोकुळपेठेच्या बाजारात सांबाराच्या जुडीला पाच रुपये जास्त सांगितले, तर पुढच्या गाड्यापर्यंत चालत जाणारी मी बाई. (नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीशी त्याचा संबंध नाही.) त्या रात्री झोप कशी लागली असेल, ते तुम्हीच ताडा.

माझा भाचा मिहानमधल्या एका कंपनीत संगणकाचे काम करतो. रविवारी वडाभाताचे आमिष दाखवून त्याला बोलावले आणि भात वाढण्याआधीच फाइल पुढे ठेवली. त्याने ओळ पाहिली, डोके खाजवले आणि म्हणाला, "आत्या, हे तर माझंच पाप आहे न."

पाप २०२० सालचे. मार्चात महाविद्यालये बंद झाली आणि आमच्या मराठी विभागाला एकाएकी व्याख्याने, हजेऱ्या आणि विद्यार्थ्यांच्या वह्या ठेवायला जागा हवी झाली. भाचा तेव्हा अभियांत्रिकीला होता आणि घरी बसून कंटाळला होता. तो म्हणाला, "आत्या, मी तुला क्लाउडमध्ये जागा घेऊन देतो." विभागाने रीतसर मागणीपत्र पाठवले. आमच्या कार्यालयातले बडे बाबू मोठे शिस्तीचे. त्यांचा फोन आला, "मॅडम, चार डिस्का घेतल्या म्हणता, तर त्या दाखवा. डेडस्टॉक रजिस्टरला चढवायच्या आहेत." मी म्हटले, "त्या दाखवता येत नाहीत, त्या ढगात आहेत." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "ढगातल्या वस्तूला आपल्याकडे शीर्ष नाही." तेव्हा तात्पुरते म्हणून मी माझे कार्ड दिले. आपल्या देशात तात्पुरते या शब्दाचा अर्थ काय होतो, हे मराठीच्या प्राध्यापिकेला तरी माहीत असायला हवे होते.

आता हा ढग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. मलाही ते त्या रविवारीच नीट कळले. वर आकाशात काही नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात, अमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि गूगलने २०१७ साली मुंबईतच आपापली केंद्रे उघडली. तिथे थंडगार केलेल्या इमारतींत संगणकांच्या रांगाच्या रांगा आहेत, आणि त्यांतला तुकडा आपण भाड्याने घेतो. घेताना दोन वस्तू वेगवेगळ्या घेतलेल्या असतात. एक यंत्र, म्हणजे काम करणारा मेंदू, आणि दुसरी डिस्क, म्हणजे सामान ठेवण्याची कोठी. यंत्र बंद करून ठेवले तर यंत्राचे भाडे थांबते, कोठीचे चालूच राहते. ते भाडे आत सामान किती आहे यावर नसते. कोठी किती मोठी मागितली यावर असते. आमच्या चार कोठ्या मिळून १०० जीबीच्या. जीबीला महिना सात-आठ रुपये आणि वर अठरा टक्के कर, असा तो नऊशेच्या घरातला आकडा.

२०२२ च्या जूनमध्ये वर्ग पुन्हा भरू लागले, तशी मी भाच्याला फोनवर म्हणाले, "ते आता बंद करून टाक." त्याने यंत्र नुसते बंद केले नाही, पुसूनच टाकले. यंत्राबरोबर आलेली मूळ डिस्क त्याच्याबरोबर गेली. मागाहून जोडलेल्या चार तशाच राहिल्या. कुणाचे सामान नकळत नष्ट होऊ नये म्हणून कंपनीने ठेवलेली ही खबरदारी आहे, असे भाचा सांगतो. खबरदारी चांगलीच, फक्त तिचे भाडे आपल्याकडून घेतात. बिऱ्हाड सोडले, घराची किल्ली परत केली, आणि मागच्या परसातली खोली आपल्याच नावावर राहिली, अशातला तो प्रकार.

भात होईपर्यंत भाच्याने लॅपटॉपवर ती यादी काढून दाखवली. चार ओळी, आणि प्रत्येकीपुढे ती कोणत्याच यंत्राला जोडलेली नसल्याची खूण. नावे अशी: 'डेटा', 'टेस्ट', 'न्यू' आणि 'इम्पॉर्टंट'. शैलीविज्ञान शिकवणाऱ्या बाईच्या विभागाने ठेवलेली ही नावे! घरात चार मुले झाली आणि त्यांना 'मूल', 'बाळ', 'नवे' आणि 'महत्त्वाचे' म्हणून हाका मारल्या, तर शेजारी काय म्हणतील? नावाबरोबर दोन शब्द जोडायची सोय होती: ही कुणाची, कशासाठी, कधीपर्यंत. ते रकाने चारही ठिकाणी कोरे होते.

भाच्याचे बोट यादीवर तयारच होते. "आत्या, तीन वर्षं कुणी हात लावला नाही. म्हणजे कामाचं नाही. चारही उडवतो, वडाभात खातो."

मी म्हटले, "थांब." का म्हटले, ते तेव्हा मला नीट सांगता आले नसते. तीन वर्षे हात लावला नाही म्हणून उडवायचे ठरले, तर आमच्या विभागाच्या ग्रंथालयात दोन कपाटेसुद्धा उरणार नाहीत, एवढे मात्र मनात आले. शिवाय तो जे सांगत होता त्यात एक गोष्ट मला टोचली. पुसलेली डिस्क परत येत नाही. मी म्हटले, "एवढ्या मोठ्या कंपनीकडे प्रती असतीलच की." तर तो म्हणाला, "असतात न. पण त्या त्यांचं यंत्र बिघडलं तर त्यासाठी. तू स्वतः पुसलंस तर त्या प्रतीही पुसतात." ही गोष्ट मला नवी होती, आणि माझ्यासारख्या पुष्कळांना नवी असेल. ढगात आहे म्हणजे सुरक्षित आहे, असे आपण धरून चालतो. ते आगीपासून, पुरापासून, जळालेल्या यंत्रापासून बरेचसे सुरक्षित असते. आपल्यापासून नसते.

"मग पुसायची पद्धत काय?" मी विचारले. "पद्धत अशी नाही, सगळे अंदाजाने करतात," तो म्हणाला. तेव्हा मला बडे बाबूंची आठवण झाली.

आमच्या महाविद्यालयात मोडकी खुर्चीसुद्धा फेकता येत नाही. तिचे निर्लेखन करावे लागते. आधी यादी: वस्तू कोणती, केव्हा घेतली, कितीला घेतली, कुणाच्या ताब्यात. मग ताबेदाराचे पत्र, की मला ही नको. मग जाणकाराचा दाखला, की ही दुरुस्त होण्याजोगी नाही. मग समितीच्या सह्या, मग प्राचार्यांची मंजुरी, आणि शेवटी लाल शाईने नोंद. या पद्धतीला मी वीस वर्षे हसत आले आहे. एका तीन पायांच्या स्टुलाचे निर्लेखन सव्वा वर्ष चालले होते आणि तेवढ्या काळात शिपायाने त्याला चौथा पाय बसवून ते वापरायला काढले होते. पण त्या रविवारी मी वहीच्या कागदावर तेच रकाने आखले. भाचा हसत होता. मग हसणे थांबवून म्हणाला, "आमच्या कंपनीत हे असतं तर गेल्या वर्षीचा एक घोळ टळला असता." कोणता घोळ, ते मात्र त्याने शेवटपर्यंत सांगितले नाही.

पहिला रकाना: खरोखर सुटी आहे का? बंद ठेवलेल्या यंत्राला जोडलेली डिस्क आणि कशालाच न जोडलेली डिस्क यांत फरक असतो. पहिलीचा मालक झोपलेला असतो, दुसरीचा गेलेला. काही यंत्रे महिन्याअखेरीस तेवढी जागी होऊन आपली डिस्क जोडून घेतात, काम करतात आणि सोडून देतात. अशी डिस्क नेमकी मधल्या दिवसांत पाहिली तर बेवारशी दिसते. आमचे यंत्रच उरले नव्हते, त्यामुळे हा प्रश्न चटकन मिटला. दुसरा रकाना: आत काय आहे? त्यासाठी भाच्याने तासाभरासाठी एक छोटे यंत्र भाड्याने घेतले (खर्च दोन-तीन रुपये) आणि एकेक डिस्क त्याला जोडून, नुसती वाचता येईल, लिहिता येणार नाही अशा बेताने उघडली.

'न्यू' उघडली. रिकामी. तीस जीबीची कोठी, आत धूळसुद्धा नाही, आणि सदतीस महिने तिचे भाडे.

'इम्पॉर्टंट' उघडली. मूल्यांकनाच्या अहवालाच्या चौदा प्रती निघाल्या. शेवटचीचे नाव 'फायनल', त्यानंतरचीचे 'फायनल दुरुस्त', त्यानंतरचीचे 'हीच घ्या'. खाली माझी २०२० सालची व्याख्याने होती. त्यांतले एक लावून पाहिले. केशवसुतांवरच्या पाऊण तासाच्या व्याख्यानात निम्मा वेळ मी "माझा आवाज येतोय का?" एवढेच विचारत आहे. आणि त्याखाली होते प्रवेशअर्ज: दोनशेच्या वर मुलामुलींचे फोटो, फोन नंबर, जातीचे दाखले, आधार कार्डांच्या नकला. ते पाहून मात्र मला घाम फुटला. ठेवून द्यावे, काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. संकेतशब्द कुणाच्या हाती लागला असता, तर माझ्या निष्काळजीपणाची किंमत त्या मुलांनी मोजली असती. २०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले की ती पुसावी, हे तत्त्व त्यात आहे. कायदा नसता तरी ते कळायला हवे होते. पुसणे हेही कधीकधी कर्तव्यच असते.

'डेटा'मध्ये कसली तरी कोष्टके होती, शेकडो, शब्दांच्या याद्यांची. कुणाची, ते कळेना.

आणि 'टेस्ट'.

इथे थोडे मागे जायला हवे. पुण्याचे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयातर्फे संगणकावर वाचायला आणि ऐकायला मिळू लागल्या. त्या ऐकून मी आणि माझ्या एम. ए.च्या मुलांनी ठरवले की आपणही काही करावे. २०१९ च्या हिवाळी सुट्टीत मुले आपापल्या गावी गेली ती फोनवर आज्या, मावश्या, काकवांचे बोलणे आणि गाणी मुद्रित करून घेऊन आली. वऱ्हाडी होती, नागपुरी होती, भंडारा-गडचिरोलीकडची झाडीबोली होती. सव्वीस तासांचे मुद्रण. ते एका पेनड्राइव्हवर घेऊन मी विभागाच्या कपाटात ठेवले आणि कपाटाची किल्ली जपली. पेनड्राइव्ह जपायला हवा होता, किंवा निदान मधूनमधून लावून पाहायला हवा होता.

२०२१ च्या मे महिन्यात त्या मुलांपैकी एकाचा फोन आला. गाव वैनगंगेच्या काठचे. आजी गेली होती. ते दिवस कसे होते, ते मी सांगायला नको. तो म्हणाला, "मॅडम, तिची रोवण्याची गाणी तुमच्याकडे आहेत न? माझा तो फोन केव्हाच फुटला." मी दुसऱ्या दिवशी परवानगी काढून महाविद्यालयात गेले, पेनड्राइव्ह लावला, तर तो उघडेचना. दुकानात दाखवला. दुकानदाराने हात वर केले. मी मुलाला फोन करून सांगितले की गेले. तो म्हणाला, "असू द्या मॅडम." त्यानंतर तो माझ्याशी काही बोलला नाही. मीही फोन करायचे टाळत आले.

ते सव्वीस तास 'टेस्ट'मध्ये होते. २०२० मध्ये जागा नीट चालते की नाही हे पाहायला काहीतरी मोठे चढवून बघ, असे मीच भाच्याला म्हणाले असले पाहिजे, आणि हाताशी तोच पेनड्राइव्ह दिला असला पाहिजे. आम्हा दोघांनाही ते आठवत नव्हते. भाच्याने मधलीच एक फाइल लावली. चिखलात पाय काढल्याचा आवाज, बायकांचे हसणे, आणि एक म्हातारा खणखणीत आवाज वर चढलेला. माझ्याने पुढे ऐकवेना. वडाभात निवून गेला होता.

आता कुणी म्हणेल, मिळाले ना, मग झाले तर. पण मला आता स्वस्थता नव्हती. त्या 'टेस्ट'वरही पाच मिनिटांपूर्वी भाच्याचे बोट होते, आणि थांब म्हणताना मला त्यातले काही ठाऊक नव्हते.

प्रतीची गोष्ट पुढे आली ती अशी. डिस्क पुसण्याआधी तिचा स्नॅपशॉट काढतात, म्हणजे त्या क्षणी आत जे असेल त्याचे जसेच्या तसे चित्र. तो डिस्कहून वेगळा राहतो. डिस्क पुसली तरी त्याला धक्का लागत नाही, आणि त्याचे भाडेही कमी पडते. आमच्या भाचेबुवांनी चार स्नॅपशॉट काढले आणि हात झटकले. मी म्हटले, "त्यातून परत डिस्क करून, गाणं लावून दाखव." तो म्हणाला, "आत्या, असं कुणी करत नाही." मी म्हटले, "मी पेनड्राइव्हवाली आहे. लावून दाखव."

मग त्यानेच मला दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथे देते. १९९८ साली 'टॉय स्टोरी २' या मुलांच्या लाडक्या चित्रपटाचे काम चालू असताना कुणीतरी पुसण्याची आज्ञा दिली आणि चित्रपट डोळ्यांदेखत नाहीसा होऊ लागला. प्रती होत्या, काढून पाहिल्या तर त्या कित्येक दिवस धड निघतच नव्हत्या. वाचला तो एका बाईंमुळे. घरी तान्हे मूल म्हणून त्या घरून काम करत, त्यामुळे त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. दुसरी गोष्ट गिटलॅब कंपनीची, ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीची. दमलेल्या एका अभियंत्याने भलत्याच यंत्रावर पुसण्याची आज्ञा दिली. चूक ध्यानात येईपर्यंत ३०० जीबीतले साडेचार उरले. प्रती काढायचे पाच मार्ग होते, त्यांतला एकही धड निघाला नाही. कुणीतरी सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी सहज काढलेल्या एका स्नॅपशॉटने कंपनी तरली.

हे ऐकताना मला म्हाइंभट आठवत होते. त्याला माझा इलाज नाही, पंधरा वर्षे लीळाचरित्र शिकवते आहे. आमच्या विदर्भातल्या रिद्धपूरला १२७८ च्या सुमारास त्यांनी ते सिद्ध केले. पुढे धाडीत मूळ पोथी गेली, असे महानुभाव परंपरा सांगते. मग ज्यांना जेवढे तोंडपाठ होते, त्यांच्या आधाराने ते पुन्हा उभे केले. हिराइसेचा पाठ त्यांत प्रसिद्ध आहे. आज लीळाचरित्राचे वेगवेगळे पाठ दिसतात ते त्यामुळे. हिराइसेला कुणी "परत म्हणून दाखव" असे म्हटले असते तर तिने म्हणून दाखवले असते. आमच्या पेनड्राइव्हला ते जमले नाही.

भाच्याने स्नॅपशॉटवरून नवी डिस्क केली, यंत्राला जोडली, गाणे लावले. लागले.

तिसरा रकाना: ताबेदार कोण? 'डेटा'साठी मी विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर, जुन्या विद्यार्थ्यांच्या गटावर आणि निवृत्त झालेल्या सरांना फोन करून विचारले. यादीतली दहा-बारा नमुन्याची शीर्षकेही दिली. कुणी काही बोलेना. संगणकवाल्यांत याला एक नाव आहे, त्याचा मराठी तर्जुमा मी 'बोंबपरीक्षा' असा केला आहे. वस्तू बाजूला काढून ठेवायची, नष्ट करायची नाही, आणि कुणी बोंब मारते का याची वाट पाहायची. किती दिवस? भाचा म्हणाला आठवडा. मी बडे बाबूंच्या धर्तीवर तीस दिवस ठरवले. "म्हणजे आणखी नऊशे रुपये," तो म्हणाला. मी म्हटले, "तेहतीस हजार गेले तेव्हा तू मोजायला आला नव्हतास."

आठ दिवस शांततेत गेले. दहाही गेले. अकराव्या दिवशी रात्री साडेदहाला आमच्या एका जुन्या सहकारी बाईंचा फोन. त्या आता अमरावतीकडे असतात. गट त्यांनी आवाज बंद करून ठेवलेला होता. "अगं, ती माझी परिशिष्टं आहेत! प्रबंध छापायला द्यायचाय आणि ती मूळ कोष्टकं मी दोन वर्षं शोधतेय." कोष्टके त्याच रात्री त्यांना पाठवली. त्या उघडून, मोजून, बरोबर आहेत असे त्यांनी कळवेपर्यंत मी 'डेटा'च्या रकान्यात सही केली नाही. भाच्याने तेव्हापासून आठवड्याचे नाव काढलेले नाही.

रोवण्याच्या गाण्यांच्या मुलाला फोन करायला मला चार दिवस लागले. तो आता नागपुरातच एका औषधांच्या दुकानात असतो. मी म्हटले, "तेव्हा गेले म्हणाले होते, ते चुकीचं होतं. आहेत." तो काही बोलला नाही. शनिवारी संध्याकाळी दुकान लवकर सोडून धरमपेठेत घरी आला, केळ्यांचा घड घेऊन. सासूबाईंनी चहा केला. लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला आणि आम्ही उठून आत जाणार होतो, पण तो म्हणाला, "बसा न मॅडम."

पहिले गाणे पूर्ण झाले. दुसऱ्याच्या मध्येच आजी थांबते आणि त्याच्यावर खेकसते, "गानं मंग आयक, पयले पानी आन!" मागून सगळ्या बायका हसतात. आमच्या भाषाविज्ञानाच्या दृष्टीने त्या एका वाक्यात 'ण'चा 'न' कसा होतो, याची तीन सुरेख उदाहरणे आहेत; २०१९ साली ते मुद्रण मिळाले तेव्हा मी ती टिपूनही घेतली होती. तो मुलगा ते वाक्य पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकत होता. सातव्या-आठव्या वेळी तो हसला. "पानी आनलं नव्हतं मी," तो म्हणाला.

त्याची प्रत त्याला दिली. तीस दिवस भरल्यावर रक्षाबंधनानंतरच्या रविवारी भाच्याने माझ्यादेखत चारही डिस्का पुसल्या. 'इम्पॉर्टंट'चा स्नॅपशॉटसुद्धा पुसला, त्यातली माझी केशवसुतांवरची व्याख्याने तेवढी आधी काढून घेतली. (का घेतली, विचारू नका.) बाकीचे दोन स्नॅपशॉटही पुसले. स्नॅपशॉट विसरले तर त्यांचेही भाडे गुपचूप चालू राहते. माळा झाडून केर जिन्यात ठेवावा तसे ते व्हायचे. गाण्यांचा तेवढा ठेवला. ताज्या विवरणात त्या ओळीपुढे ८३ रुपये आहेत. ह्यांनी ते छापून, भोक पाडून फायलीला लावले. पण लावण्याआधी, प्रथमच, मला वाचून दाखवले.

सगळे एकाच ढगात नको, म्हणून गाण्यांसाठी एक साधी हार्ड डिस्कही घेतली, विभागाच्या खर्चाने, रीतसर. ती घेऊन बडे बाबूंकडे गेले. बरोबर चार रकान्यांचा माझा तो कागदही होता. त्यांनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला. "निर्लेखन बरोबर आहे," ते म्हणाले, "पण मॅडम, जी वस्तू चढलीच नाही ती उतरवता कशी येईल?" तेव्हा आधी त्या चार डिस्का, ढगातील, नग चार, २०२० च्या तारखेच्या संदर्भासह रजिस्टरला चढवण्यात आल्या आणि त्याच दुपारी लाल शाईने उतरवण्यात आल्या. माझ्या तेहतीस हजारांचे काय, असे मी विचारले. त्यांनी सांगितले की त्याला अजूनही शीर्ष नाही.

हार्ड डिस्क मात्र त्यांना फार आवडली. हातात घेऊन वजन पाहिले, टेबलावर ठेवून पेनाने दोनदा ठोकली आणि शिपायाला हाक मारली. आमच्याकडे खुर्च्या-टेबलांवर पांढऱ्या ऑइलपेंटने डेडस्टॉकचा क्रमांक घालतात, तसा तिच्याही पाठीवर घातला आहे. रंग वाळायला दोन दिवस लागले. तोवर ती कार्यालयाच्या खिडकीत उन्हात ठेवलेली होती, आणि मी दर तासाला व्हरांड्यातून जाऊन ती जागेवर आहे ना, हे पाहून येत होते.